जिन्यातला जावई

माझं लग्न जुळवणाऱ्या नातेवाइकानं मुलीकडच्यांना माझ्याबद्दल एवढंच सांगितलं होतं, की मुलगा औरंगाबादला मोठ्या शोरूमला आहे. त्यात खोटं काही नव्हतं. फ्रिज, वॉशिंग मशीन, कूलर विकणारं ते शोरूम होतं आणि मी तिथंच होतो. फक्त काचेच्या आत नव्हतो, मागच्या गोडाऊनला होतो. टेम्पोत माल भरायचा आणि गिऱ्हाइकाचं घर ज्या मजल्यावर असेल तिथं तो नेऊन ठेवायचा, हे माझं काम. शोरूमला म्हणजे नेमकं काय करता, असं सासऱ्यांनी विचारलं नाही. विचारलं असतं तर मी काय उत्तर दिलं असतं ते मला आजही सांगता येत नाही.

आमचं गाव शेंद्र्याच्या अंगाला. तिकडं कंपन्या येऊ लागल्या तेव्हा थोरल्या भावाला कामावर घेतलं, मला नाही. शेतात सगळ्या भावांना पुरेल एवढं काम नव्हतं, म्हणून मी शहरात आलो. गावात आमचं घर मानाचं. लग्नाकार्यात आम्हाला पुढं बसवायचे. दुसऱ्याच्या घरचं ओझं पाठीवर घेऊन जिना चढणं आमच्या भावकीत कुणी केलेलं नव्हतं, आणि मी ते करतो हे गावात कुणाला माहीत नव्हतं.

बायकोला मात्र लग्नानंतर लगेच कळलं. शोरूमचं नाव पाठीवर छापलेला टी-शर्ट आणि खांद्यावरचे काळेनिळे वळ, एवढ्यावरून तिला सगळं समजलं. तो टी-शर्ट धुतल्यावर बाहेरच्या तारेवर न टाकता ती खोलीच्या आत, दाराच्या मागं वाळत घालायची. मी ते बघायचो.

माझ्या जोडीला एक वयस्कर मुसलमान गडी होते. त्यांना सगळे चाचा म्हणायचे. सगळी उमर त्यांची जड सामान चढवण्यात गेली होती. मी मराठीत बोलायचो, ते त्यांच्या दखनीत बोलायचे, आणि आमचं कधी अडलं नाही. हे काम ताकदीचं आहे असं लोकांना वाटतं. ताकद लागतेच, पण चाचांनी मला पहिल्यांदा शिकवलं ते बोलायला. फ्रिज उचलला, की वरचा माणूस पाठमोरा चढत असतो, त्याला मागची पायरी दिसत नाही. खालच्या माणसाच्या तोंडापुढं खोका असतो, पण बाजूनं वाकून त्याला थोडंफार दिसतं. म्हणून शब्द खालच्याचा. तो म्हणेल तेव्हा उचलायचं, तो म्हणेल तेव्हा थांबायचं. आणि डावं-उजवं म्हणायचं नाही. दोघं समोरासमोर असतात, एकाचं उजवं ते दुसऱ्याचं डावं. आम्ही म्हणायचो ‘भिंतीकडं’ किंवा ‘कठड्याकडं’. भिंत आणि कठडा दोघांनाही एकच.

बाकीच्या गोष्टी सगळेच पाळायचे. आधी रिकाम्या हातानं वर जाऊन जिना बघून यायचा. पायात बूट पाहिजेत, चप्पल नाही. जिन्यातली पोरं, कुंड्या, सायकली हलवायला सांगायच्या. घरच्या माणसाला हात लावू द्यायचा नाही. तो मदतीलाच येतो, पण वजन कुठं आहे ते त्याला माहीत नसतं. आणि खाली कुणी उभं राहायचं नाही.

त्या दिवशीचा फ्रिज हर्सूलकडं, तळ्याच्या रस्त्यावरच्या एका इमारतीत द्यायचा होता. दोन दारांचा, मोठा. चिठ्ठीवर गिऱ्हाइकाचं आडनाव माझ्या सासऱ्यांचंच होतं, पण ते आडनाव निम्म्या गंगापूर तालुक्याचं आहे. मी लक्ष दिलं नाही. टेम्पो उभा राहिला, मी दोऱ्या सोडायला घेतल्या आणि चाचा जिना बघायला वर गेले.

“जिना सकडा है,” खाली येऊन ते म्हणाले. “टर्न पे संभालना. ऊपर मेहमान बैठेले हैं, सबकू अंदर बैठने को बोलके आया.”

आम्ही खांद्यावर ओझं पेलायचा पट्टा घातला आणि उचललं. पहिला मजला नीट पार पडला. वळणावर टेकलो, दम घेतला, पुन्हा उचललं. वरच्या घराचं दार उघडं होतं, आतलं बोलणं ऐकू येत होतं. अर्ध्या पायऱ्या चढलो असू, तेवढ्यात कुणीतरी खाकरलं आणि म्हणालं, “आलं वाटतं. पोरींनो, बाजूला व्हा गं, वाट द्या.”

माझे सासरे होते. ते राहायचे लासूर स्टेशनजवळच्या खेड्यात, इथं ते असतील हे माझ्या स्वप्नातही नव्हतं. पण तो आवाज मी लग्नाच्या बोलण्यांत, मांडवात, पहिल्या सणाला ऐकला होता. त्यात चूक होणं शक्य नव्हतं. मग एकदम लक्षात आलं, की त्यांचे थोरले भाऊ शहरात असतात, सरकारी नोकरीतून निवृत्त झालेत. म्हणजे हे माझ्या चुलत सासऱ्यांचं घर. लग्नात त्यांच्या पाया पडलो होतो, पण घर बघितलेलं नव्हतं.

खोक्यामागं माझं तोंड दिसत नव्हतं. मला वाटलं, नुसता फ्रिज दारात टेकवावा आणि काहीतरी निमित्त काढून खाली पळावं. पण बोलल्याशिवाय फ्रिज वर जात नाही. मी आवाज बारीक केला.

“क्या बोला?” चाचा वरून म्हणाले आणि थांबले. खालच्याचा शब्द ऐकू आला नाही की थांबायचं, हा त्यांचा नेम. ते थांबले तसं सगळं वजन माझ्या छातीवर आलं.

मराठीत बोललो तर ओळखतील, म्हणून मी हिंदीत, घसा जाड करून म्हणालो, “दायें को लो. दायें को.”

मी त्यांच्याशी हिंदीत कधीच बोललो नव्हतो, आणि दायें-बायें तर कधीच म्हणालो नव्हतो. ते क्षणभर गोंधळले आणि त्यांनी त्यांच्या उजवीकडं घेतलं. तिकडं कठडा होता. कठडा म्हणजे नुसता बारीक पाइप. खोका त्याच्यावर कलला, पाइप वाकल्याचा आवाज आला, पट्टा माझ्या खांद्यावरून सरकून दंडावर आला. फ्रिज जिन्याच्या मधल्या पोकळीकडं झुकत होता आणि मला तो एका हातानं धरवत नव्हता.

मी ओरडलो. “भिंतीकडं! चाचा, भिंतीकडं घ्या! भिंतीकडं!”

सगळ्या इमारतीत घुमलं. वरचं बोलणं बंद पडलं. मग सासऱ्यांचा आवाज आला, “जावाईबापू? आरं, आमचे जावाईबापू हायेत का काय त्ये?”

आणि पावलं वाजली. चाचा ओरडले, “नीचू नक्को आओ! ऊपरीच रुको!” पण जावई ओझ्याखाली आहे म्हटल्यावर ते कुणाचं ऐकणार? धोतराचा सोगा वर धरून, चाचांच्या बाजूनं, भिंतीला चिकटून ते खाली उतरले आणि दोन्ही हातांनी त्यांनी खोक्याला आधार दिला. “तुम्ही कशाला, तुम्ही कशाला,” असं ते पुटपुटत होते. त्याच वेळी चाचा माझ्या शब्दाप्रमाणं फ्रिज भिंतीकडं लोटत होते.

त्यांचा उजवा हात फ्रिज आणि भिंत यांच्यामध्ये सापडला.

मी जे बोललो ते मी माझ्या बापालाही कधी बोललो नव्हतो. “मामा, व्हा बाजूला! कुणी सांगितलं होतं खाली यायला? काढा तो हात! काढा आधी!”

ते माझ्याकडं बघत होते. खोक्याच्या कडेवरून आता त्यांना माझं तोंड दिसत होतं. अगदी हळू आवाजात ते म्हणाले, “निघंना.”

चाचांना मी उचलायला सांगितलं. दोघांनी जीव एकवटून फ्रिज इंचभर उचलला तेव्हा हात सुटला. त्यांनी तो लगेच उपरण्यात गुंडाळला. मला वर बघायचं धाडस नव्हतं, पण फ्रिज तिथं ठेवून चालणार नव्हतं. मी म्हणालो, “मामा, वर जा. सगळ्यांना आत घ्या.” ते वळले आणि भिंतीला धरून वर गेले. मास्तरानं वर्गाबाहेर काढलेलं पोर जसं खाली मान घालून जातं, तसं ते गेले. पायऱ्यांवरून चढणारी त्यांची ती पाठ मला अजून दिसते.

फ्रिज वर नेऊन जागेवर ठेवला. खोका उतरवला, तो डुगडुगत नाही ना ते बघितलं. घरातली सगळी माणसं भिंतीला टेकून उभी होती. चुलत सासरे, चुलत सासू, त्यांच्या सुना, लग्नाच्या वेळी माझे बूट लपवणाऱ्या माझ्या चुलत मेहुण्या. फ्रिजकडं कुणी बघत नव्हतं. मी पट्टा गुंडाळत दाराकडं निघालो, तेव्हा चुलत सासरे मध्ये आले.

“जावाईबापू, पहिल्यांदा घरात आलेत. दारातून कसं जाता? बसा.”

त्यांनी खुर्ची पुढं ओढली. मी बसलो. अंगातला टी-शर्ट घामानं पाठीला चिकटला होता, आणि पाठीवरचं शोरूमचं नाव कुणाला दिसू नये म्हणून मी खुर्चीच्या पाठीला घट्ट रेलून बसलो. चुलत सासू कुंकवाचा करंडा घेऊन आल्या. माझ्या कपाळावरचा घाम त्यांनी पदरानं टिपला आणि टिळा लावला. मग टॉवेल-टोपी आली. कुणासाठी तरी आणून ठेवलेली असेल. टोपी माझ्या ओल्या डोक्यावर बसली, टॉवेल खांद्यावर आला, पट्ट्याचा वळ होता नेमका त्याच खांद्यावर. पोह्यांची ताटली पुढं आली.

“पाऊसपाणी काय म्हणतंय तिकडं शेंद्र्याला?” चुलत सासऱ्यांनी विचारलं.

“बरा आहे,” मी म्हणालो.

“आई बरी हाये का?”

“बरी आहे.”

सासरे समोर बसले होते. उजवा हात उपरण्याच्या आत, मांडीवर. फ्रिजबद्दल, जिन्याबद्दल कुणीच काही बोलत नव्हतं. जणू मी बायकोला घेऊन सणाला आलो होतो आणि तो फ्रिज आपल्या पायांनी वर आला होता.

उघड्या दारातून मला चाचा दिसत होते. ते जिन्यात, वरच्या पायरीवर बसून खोक्याचे पुठ्ठे दुमडत होते. एका सुनेनं त्यांना पाणी नेऊन दिलं, मग चहा. माझा चहा कपबशीत होता, त्यांचा कागदी पेल्यात. मी म्हणालो, “चाचांना पण...”

“दिलाय की त्यान्ला चहा,” चुलत सासरे म्हणाले.

मी उठून बाहेर जाऊ शकलो असतो. ताटली घेऊन त्यांच्याशेजारी पायरीवर बसू शकलो असतो. रोज दुपारी आम्ही टेम्पोत एकाच डब्यात जेवायचो. पण कपाळावर टिळा होता, डोक्यावर टोपी होती, आणि सगळी माणसं माझ्या हातातल्या चमच्याकडं बघत होती. मी पोहे संपवले. पुठ्ठ्यासारखे लागत होते, तरी संपवले.

खाली आल्यावर टोपी काढून खिशात कोंबली. टेम्पो सुरू करण्याआधी चाचा माझ्यावर बरसले. पाण्याचं, चहाचं काही नाही. ते त्यांच्या डोक्यातही नसावं.

“दायें कायकू बोला? कभी बोलता क्या तू? मेरेकु लगा कोई दूसरा आदमी आ गया नीचू. पाइप टूटता तो? नीचू बच्चे रहते तो?”

मी सांगितलं, वर माझे सासरे होते.

“हौ, समजा मैं. शरम आयी. आती. मेरेकु भी आती थी. पर जिने में नक्को रे बाबा. मेरी जान तेरी जबान पे रहती ना.” मग आवाज उतरवून ते म्हणाले, “बुड्ढे का हाथ देखा क्या तू?”

मी बघितला नव्हता. तेवढा वेळ समोर बसलो होतो, पण तो उपरण्यातला हात मी बघितला नव्हता.

घरी गेल्यावर बायकोनं नवा टॉवेल बघितला आणि विचारलं. मी सगळं सांगितलं. तिनं मला मध्ये कुठंही अडवलं नाही. शेवटी वडिलांबद्दल एवढंच म्हणाली, “दादांना लई लागलं का?” पुन्हा तोच प्रश्न. दुसऱ्या दिवशी सकाळच्या गाडीनं ती लासूरला गेली.

परत आल्यावर तिनं दादांच्या हाताचं सांगितलं. दोन बोटं चेचली होती, नखं काळी पडली होती, एक बोट डॉक्टरनं फळी लावून बांधलं होतं. घरात त्यांनी सांगितलं होतं, ट्रॉलीचं मागचं फाळकं लावताना हात सापडला. सासूबाई दिवसभर ट्रॉली चालवणाऱ्या गड्याला शिव्या घालत होत्या, आणि तो बिचारा काही न समजून ऐकून घेत होता. बायकोला सगळं माहीत असून तिथं तोंड उघडता येईना. निघताना सासरे तिला म्हणाले होते, “जावाईबापूंना म्हणावं, कुणाजवळ बोलू नका.”

तो गडी माझ्या वाट्याच्या शिव्या खातोय, हे ऐकून मला राहवेना. सुट्टी काढून मी लासूरला गेलो. सासरे मार्केट यार्डात मक्याच्या पोत्यांजवळ उभे होते. हाताला पट्टी होती. मला बघून त्यांनी नेहमीसारखा नमस्कार करायला हात उचलले, पण पट्टीचा हात नीट जुळेना.

मी म्हणालो, “मामा, मी त्या दिवशी तुमच्यावर वरडलो.”

“वरडले. काम व्हतं त्ये, वरडावंच लागतं.” ते पोत्यावर बसले. मलाही बसायला लावलं. मग त्यांनी मला जे सांगितलं, ते मला ठाऊकच नव्हतं.

तो फ्रिज आमच्या शोरूममधून घ्यायला त्यांनीच भावाला सांगितलं होतं. माझा जावई तिथं आहे, तो लक्ष घालून चांगला देईल. थोरले भाऊ शोरूमला गेले आणि काउंटरवर माझं पूर्ण नाव घेऊन विचारलं. काउंटरवरची पोरं मला पूर्ण नावानं ओळखतच नव्हती. गोडाऊनला मला सगळे नुसतं ‘पाटील’ म्हणून हाक मारायचे. या नावाचं इथं कुणी नाही, असं त्यांनी सांगून टाकलं. फ्रिज तर घेतला, पण भावानं लासूरला निरोप पाठवला, की तुमच्या जावयाला तिथं कुणी ओळखत नाही, पोरगी कुणाला दिली ते एकदा बघा.

“म्हून मी त्या दिवशी तिथं आल्तो,” सासरे म्हणाले. “म्हणलं, फ्रिज आणणाऱ्या गड्यान्लाच इचारावं. त्यान्ला तर ठाऊक असंल, आमचे जावाईबापू कुठं बसतात ते.”

मला पोत्यावरून उठून कुठंतरी निघून जावंसं वाटलं. आडत्याचे हमाल आमच्या समोरून पोती पाठीवर घेऊन जात होते. सासरे त्यांच्याकडं बघत होते, मी जमिनीकडं.

“मामा, तुम्हाला आधी सांगायला पाहिजे होतं,” मी म्हणालो.

“व्हय,” ते म्हणाले. “आन म्याबी इचाराया पायजे व्हतं. पर मला बी इचारू वाटलं नाय.” मग पट्टीचा हात मांडीवर ठेवत म्हणाले, “कामाचं काय नाय वो. तिथं माझा भाऊ व्हता, एवढंच.”

त्यांनी मला लपवलं होतं की स्वतःला, ते मला तेव्हाही कळलं नाही. त्या ट्रॉलीवाल्या गड्याचं काय, ते मी विचारलं. त्याला त्यांनी आधीच बाजूला घेऊन सांगितलं होतं. कोणत्या शब्दांत, ते मला सांगितलं नाही.

मी काम सोडलं नाही. सोडून काय करणार? चाचांनी मात्र त्या दिवसानंतर काही आठवडे दुसरा जोडीदार घेतला. मालकाला त्यांनी कारण सांगितलं नाही, मी गोडाऊनमध्ये माल लावत राहिलो. एका सकाळी ते स्वतःच आले आणि पट्टा माझ्या अंगावर टाकून म्हणाले, “चल. मगर मराठी में बोल.”

पुढच्या वर्षी आम्हाला मुलगी झाली. बारशाला चाचांना मी बोलावलं. आलेही ते, पांढरा स्वच्छ कुडता घालून, मुलीसाठी घुंगरांचा वाळा घेऊन, आणि मांडवाच्या कडेला चपलांजवळ उभे राहिले. मी पाहुण्यांना पाणी देत फिरत होतो. मी त्यांना बघितलं, हात केला, आणि चुलत सासऱ्यांची मंडळी आत येत होती म्हणून आधी त्यांच्याकडं वळलो.

सासरे उठले. वाकडं जुळलेलं बोट असलेला हात त्यांनी चाचांच्या पाठीवर ठेवला, त्यांना पुढं आणलं आणि आपल्या शेजारी, सतरंजीवर, थोरल्या भावाच्या समोर बसवलं.

“त्या दिशी तुमाला जिन्यात बसवलं आमी,” ते म्हणाले. मोठ्यानं म्हणाले, भावाला ऐकू जाईल असं.

“जिना तो हमारा हापिसच है,” चाचा त्यांना म्हणाले. जवळची दोनचार माणसं हसली.

चुलत सासऱ्यांनी चाचांकडं बघितलं, मग माझ्याकडं. “शोरूममधलेच का हे?”

“हो,” मी म्हणालो. “माझ्या बरोबरचे.”

बरोबर म्हणजे काय करता, असं त्यांनी विचारलं नाही, आणि मीही पुढं काही बोललो नाही. तांब्या घेऊन मी दुसऱ्या पंगतीकडं गेलो. जाताना सासरे माझ्याकडं बघत होते, ते मला पाठीवर जाणवत होतं.